दोनशे बारा किलोमीटरची गाडी

गाडी आली ती झोपूनच आली. सपाट पाठीच्या ट्रकवर पट्ट्यांनी आवळलेली आणि अंगावर चंदेरी पांघरूण. दोन हजार अकराचा मे महिना होता. अकोल्याचं ऊन असं, की कुत्री नालीतल्या ओल्या चिखलात पोट टेकून पडलेली, आणि ह्या बाईसाहेब पांघरूण घेऊन.

ट्रक थांबला तो मूर्तिजापूर रोडवर, इनायतुल्ला मिस्त्रीच्या शेडपुढं. ट्रकच्या कॅबिनमधून गोवर्धन उतरला. हा अमरावतीच्या उत्तमरावांचा कारभारी. त्यानं रुमालानं मान पुसली आणि पांघरूण ओढलं. आत लाल रंगाचं, पालीसारखं जमिनीला चिकटलेलं काहीतरी निघालं. रस्त्यावरची पंधरा-वीस माणसं जमलीच.

"लांबून पाहा राजेहो. हात लावू नका. जगात फक्त चाळीस बनवल्या कंपनीनं. ही सव्विसावी."

"आन बाकीच्या एकोनचायीस कुठी हायेत?" शेषरावनं विचारलं. शेषराव तेल्हाऱ्याचा. तेल्हारा-अकोला काळीपिवळी जीप चालवायचा. जीपची चेसिस तडकली म्हणून तिचं वेल्डिंग होईस्तोवर शेडमध्येच खाटेवर पडून होता.

"असतीन बाहेर. दुबई, जर्मनी, तिकडं."

"तथी रोड असतीन म्हना."

माणसं हसली. गोवर्धनही हसला आणि मग नोकरीची आठवण होऊन पांघरुणाची घडी घालायला लागला.

उत्तमरावांची बियाण्याची कंपनी. चार जिल्ह्यांत एजन्स्या, दोन कॉलेजं, आणि एका सहकारी संस्थेचं अध्यक्षपद. इनायतुल्लाची शेड ह्याच संस्थेच्या जागेवर उभी होती. सत्तावीस वर्षं. करार अकरा महिन्यांचा, दर जूनमध्ये नवा व्हायचा, आणि दर जूनमध्ये इनायतुल्लाला चार चकरा मारून संस्थेच्या बाकड्यावर बसावं लागायचं. म्हणून गोवर्धन जे पुढं बोलला ते त्यानं हळू आवाजात सांगितलं, तरी नीट ऐकू गेलं.

"साहेबांच्या पोराचं साक्षगंध होतं. गाडी मंगल कार्यालयाच्या फाटकात नेऊन ठेवायची होती, फोटोले. गतिरोधकावर पोट घासलं. पुढचा पत्रा पाह्य ना कसा चुरगळला. कंपनी म्हणते पत्रा बनवाले आठ महिने लागतीन. अन मुंबईचा गिऱ्हाईक पाच तारखेले येऊन राहिला. कोणाले समजलं नाही पाहिजे, असा पत्रा बसला पाहिजे. साहेब म्हणाले, मिस्त्रीनं हे केलं तर यंदा करार पाच वर्षांचा करून देतो."

इनायतुल्लानं वाकून खाली पाहिलं. ॲल्युमिनियम. लोखंडी पत्रा ठोकणारे अकोल्यात शंभर होते. ॲल्युमिनियम हातानं वळवणारा तो एकटा उरला होता.

"दिसनार नाई," तो म्हणाला. "पन कोनी मले विचारलं तं मी सांगीन."

"तुमाले कोन विचारते हो," गोवर्धन म्हणाला आणि किल्ली त्याच्या हातात ठेवून अमरावतीला निघून गेला.

इनायतुल्लाचा बाप दुधाचे कॅन ठोकायचा. स्वतः इनायतुल्ला तरुणपणी खासगी बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात होता, तिथं ॲल्युमिनियम शिकला. कारखान्यातला उस्ताद कामाला सोनं होता आणि मनानं नासका. जुन्या गाड्यांची मीटरं मागं फिरवायचा. एक टेम्पो, नव्वद हजार किलोमीटर चाललेला, त्यानं तीस हजारांचा केला. घेणाऱ्यानं आकडा पाहिला, गाडी जवान आहे म्हणून स्टिअरिंगचे जोड बदलले नाहीत. बार्शीटाकळी रोडवर जोड निसटला. माणूस वाचला, पाय वाचले नाहीत. त्या दिवशी इनायतुल्लानं कारखाना सोडला. मीटर फिरवताना बॅटरी त्यानंच धरली होती, हे तो लग्नानंतर दहा वर्षांनी बायकोजवळ, रहिमाबीजवळ बोलला.

"मीटर म्हंजे गाडीची जबानी हाय," एवढंच तो गिऱ्हाइकांना सांगायचा. जुन्या गाड्यांचे दलाल त्याच्याकडं आकडे फिरवायला यायचे आणि शिव्या खाऊन जायचे. पुढं पुढं तर गाडी विकताना लोक सांगत, इनायत उस्तादच्या हाताखालची आहे, आणि घेणारा मीटरवर विश्वास ठेवायचा.

दुसरा नेम ट्रायलचा. शेडमधून निघणारी कुठलीही गाडी, मग ती अॅम्ब्युलन्स असो की पाण्याचा टँकर, इनायतुल्ला स्वतः मूर्तिजापूरला शकुंतलेच्या रुळापर्यंत नेऊन आणायचा. शकुंतला म्हणजे तिथली अरुंद रुळांची जुनी आगगाडी. रूळ ओलांडताना गाडीला जो हिसका बसतो, त्यात ढिला नट, कच्चा वेल्ड, खोटा पत्रा, सगळं बोलतं. ऐकलं की परत फिरायचं. ट्रायलशिवाय किल्ली मालकाच्या हातात नाही. अकोल्यातल्या ड्रायव्हरांना हे इतकं पाठ होतं, की कोणी विचारतही नसे.

काम अकरा दिवस चाललं. चुरगळलेल्या पत्र्यावर त्यानं रहिमाबीच्या मोरीतला कपड्याचा साबण चोळला आणि खालून ज्योत फिरवली. साबण तपकिरी झाला की थांबायचं, काळा झाला की पत्रा मेला. नरम झालेला पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकायचा. ठोक, फिरव, ठोक. चौथ्या दिवशी पत्रा आतून पुसताना त्याचा हात थांबला. आतल्या बाजूला, जिथं मालकही कधी पाहणार नाही, मोगरीचे ठसे होते. बारीक, ओळीत, एकाच हाताचे.

"शेषराव, इकडं ये," त्यानं हाक मारली. "हे पाह्य. तथीही कोनी मोगरी घेऊनच बसला होता. मशीन नाई. मानूस."

"नाव हाय का त्याचं?"

नाव होतं, पण दुसऱ्याचं. डॅशबोर्डवर पितळी पट्टी, तिच्यावर '२६/४०', आणि खाली इंग्रजीत उत्तमरावांचं अख्खं नाव वडिलांसकट. ठोकणाऱ्याचं कुठंच नाही.

"ज्यानं केली त्याचं नाई, ज्यानं घेतली त्याचं हाय," शेषराव म्हणाला. "बराबर हाय. दुनियाभर सारखंच."

पट्टीशेजारी मीटर. नव्या गाडीत मुद्दाम जुन्या धर्तीचं बसवलेलं, काट्याचं, आकड्यांच्या चकत्या फिरणारं. आकडा होता दोनशे बारा. इनायतुल्लाला वाटलं मीटर बंद पडलंय. त्यानं गोवर्धनला फोन लावला.

"बंद नाई हो मिस्त्री. दोन वर्षांत तेवढीच चालली. साहेब चालवतच नाहीत. चालवली की भाव उतरते ना. मुंबईवाल्याची अटच हाय, तीनशेच्या आत पाहिजे, जेवढा कमी तेवढं चांगलं."

इनायतुल्लानं फोन ठेवला आणि बॉनेट उघडलं. रबरी पाइप बसून बसून चिरलेले. ऑइल काकवीसारखं. टायर एकाच बाजूला चपटे, आजारी माणसाला पाठीला जखमा होतात तसे. पळायला जन्माला घातलेलं जनावर, आणि त्याचे चारी पाय बांधून दिवाणखान्यात मांडलेलं. का, तर शेजाऱ्याकडं असं जनावर नाही. त्याला शिसारी आली. त्यानं ऑइल बदललं, पाइप जोडले, टायरात हवा भरली. हे काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी पत्रा बसला. इनायतुल्लानं हात धुतले, टोपी नीट केली.

"चाल शेषराव. ट्रायल."

"इची?"

"मंग काय तुह्या खाटेची?"

शेषरावला आत बसायला दोन प्रयत्न लागले. बसला तेव्हा त्याचे गुडघे छातीशी आले. "हे तं बायंतीनीची खोली दिसते," तो म्हणाला. आणि मग गाडी सुरू झाली आणि त्यानं दोन्ही हातांनी दार धरलं.

शिवणीपर्यंत इनायतुल्लानं तिला दमानं नेली. पुढं रस्ता मोकळा झाला. त्यानं पाय दाबला. चाळीस वर्षं तो गाड्या चालवत होता. जीप, मेटॅडोर, बस. त्या गाड्यांना सांगावं लागतं, मग ऐकतात, मग कुरकुरत करतात. हिला सांगावं लागत नव्हतं. त्यानं वळणाकडं नुसतं पाहिलं की ती वळायला लागायची. डांबराचा प्रत्येक खडा तळहाताला कळत होता. गियर बदलला की आवाज गळ्यातून पोटात जायचा आणि पोटातून परत गळ्यात. बाभळी, पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, मोकळी वावरं, विटांच्या भट्ट्या, सगळं मागं ओढलं जात होतं. एका वळणावर, खड्डा चुकवून बाहेर पडताना, एकोणसाठ वर्षांचा इनायतुल्ला मोठ्यानं हसला.

"काय झालं बे?" शेषराव ओरडला.

"काई नाई! बनवनाऱ्यानं बनवली रे! मायची आन, बनवली!"

बोरगावला वेग कमी करावा लागला. रस्त्याच्या कडेला कृषी केंद्राच्या बंद शटरपुढं रांग होती. माणसांची कमी, चपलांची जास्त. शटर उघडायला उशीर म्हणून लोकांनी आपापल्या नंबरावर चपला ठेवल्या होत्या आणि स्वतः सावलीला बसले होते. शंभरावर जोड असतील. रबरी, शिवलेल्या, एक तर नुसता उजव्या पायाचा, त्याच्यावर दगड.

"कायले रांग?" इनायतुल्लानं काचेतून विचारलं. ट्रायलमध्ये तो असाच थांबायचा, बोलायचा.

"बियानं. पऱ्हाटीचं," एक म्हातारा म्हणाला. "सातबाऱ्यावर दोन थैल्या भेटतीन म्हनते. तिसऱ्याले नाई."

"कोनतं बियानं?"

म्हाताऱ्यानं वाण सांगितला. उत्तमरावांच्याच कंपनीचा. शेषराव गुडघ्यांतून मान बाहेर काढून म्हणाला, "माल हाय रे त्याहीच्या गोदामात. मी तेल्हाऱ्याच्या एजंटाच्या थैल्या नेल्या ना जीपमंधी. दाबून ठेवते. थोडं थोडंच सोडते. थोडं सोडलं की लोक म्हनते हेच चांगलं असन."

तेवढ्यात एक म्हातारी गाडीजवळ आली. गोदाबाई म्हणून तिला कोणीतरी मागून हाक मारत होतं, नादी लागू नको म्हणत होतं. तिनं लाल पत्र्याकडं पाहिलं, वाकून आत पाहिलं, मागं जाऊन डिकी शोधली.

"इच्यात बियानं हाय का रे बावा?"

"नाई माय."

"मंग काय हाय?"

दहा मिनिटांपूर्वी इनायतुल्ला हसला होता, ते हसू त्याच्या तोंडात आंबल्यासारखं झालं. उत्तमराव नावाच्या एकाच माणसानं, एकाच डोक्यानं, इकडं थैल्या मोजून सोडल्या होत्या आणि तिकडं मोजून बनवलेली गाडी विकत घेतली होती. थोडंच ठेवायचं, म्हणजे लोक चपला ठेवून उन्हात बसतात, हे त्याला कुणी शिकवलं? गाडीनं शिकवलं की बियाण्यानं, देव जाणे. त्यानं काच वर केली.

रुळाशी पोचल्यावर गाडी पुढं गेलीच नाही. रूळ वर, पोट खाली. सत्तावीस वर्षांत रूळ न ओलांडता परतलेली ही पहिली गाडी.

"टँकर गेला, अॅम्ब्युलन्स गेली," शेषराव म्हणाला. "ही महारानी अडली."

परत आल्यावर मीटर दोनशे नव्वद दाखवत होतं.

उत्तमराव तीन तारखेला स्वतः आले. पांढरा सफारी, मागं गोवर्धन. त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला, उन्हात तिरपं होऊन पाहिलं, नखानं टोकरलं. जोड सापडेना.

"वा मिस्त्री! हात हाय का जादू बे! काढ गोवर्धन, तो कराराचा कागद काढ."

मग ते आत वाकले. मीटर पाहिलं.

"हे काय हाय?"

"ट्रायल, साहेब. शकुंतलेच्या रुळापर्यंत. सगयाच गाड्या नेतो."

"कोन सांगतलं तुले? कोन सांगतलं माही गाडी चालवाले?"

"किल्ली देली ना तुमच्या मानसानं."

"अबे, ही गाडी चालवाची नसते! तुले समजते का, तू काय केलं? अठ्ठ्याहत्तर किलोमीटर! पाच तारखेले तो येऊन राहिला, त्याले मी दोनशे बारा लिहून देलं हाय." त्यांनी श्वास घेतला आणि आवाज एकदम गोड केला. "ठीक हाय. चूक झाली. मानूस हाय. मीटर खोल, दोनशे बारा कर. कराराचा कागद अथीच ठेवतो."

"ते मी नाई करत साहेब."

"काहून? तुह्या हाताले लकवा मारला का?"

"ते काम मी करत नाई. पत्रा म्हना, अजून दहा ठोकून देतो."

उत्तमरावांनी शेडकडं पाहिलं. पत्रे, वाळूची पिशवी, भिंतीवरच्या मोगऱ्या. "परवापर्यंत विचार कर," ते म्हणाले. "जागा कोनाची हाय, हेही विचारात घे." कागद गोवर्धनच्या बॅगेत परत गेला.

दुपारी रहिमाबी डबा घेऊन आली. तिला शेषरावनं सगळं सांगून टाकलं होतं. ती खाटेच्या कडेला बसली आणि भाकरीवरचं फडकं काढत म्हणाली, "एक बार घुमा दो ना. कौन देखता है?"

"तू देखती है."

"मी नाई पाहत. मी तिकडं तोंड करून बसते. आपल्या पोरीचं, जेबाचं लग्न अथून काढाचं हाय आपल्याले, शेड गेली तं कुठून काढसान? आन ह्या गाडीनं कोन मरनार हाय हो? ती चालतच नाई. जी चालत नाई तिच्यानं कोनाचे पाय तुटतीन?"

हे इनायतुल्लाला लागलं. कारण ते खरं होतं. ह्या मीटरवर विसंबून कोणी नालीत पडणार नव्हतं. पडला तर एक श्रीमंत दुसऱ्या श्रीमंताच्या थापेत पडणार होता, आणि त्याची कीव कोण करतो? जेवण झाल्यावर त्यानं मीटर खोललं. चकत्या बोटाखाली आल्या. दोन चकत्या, दोन मिनिटांचं काम. रहिमाबी खरंच तिकडं तोंड करून बसली होती.

त्यानं शेवटची चकती किंचित हलवली. आणि त्याला आठवली ती एका पायाची चप्पल, वर दगड ठेवलेली. इथून इथपर्यंत मागं फिरवलं की बोरगाव येतं. अजून मागं फिरवलं की बोरगाव पुसलं जातं. त्यानं चकती होती तिथं आणली आणि मीटर जागेवर कसलं.

"झालं?" रहिमाबीनं न वळता विचारलं.

"झालं. दोनशे नव्वद हाय. जेव तू आता."

तिनं डबा आपटून बंद केला. जेवली नाही.

पाच तारखेला मुंबईचा माणूस आला. हातात पातळ मोजे, दांडीला लावलेला कॅमेरा, गळ्यात चष्मा. गाडीच्या पोटाखाली कॅमेरा घालून पत्रा पाहिला आणि खूश झाला. मग आत बसला आणि बाहेर आला.

"उत्तमराव, तुम्ही दोनशे बारा म्हणाला होता."

उत्तमरावांना बहुधा हे आधीच ठाऊक होतं, कारण ते लगेच हसले. "अहो, हा मिस्त्री. पत्रा बसवताना मीटरशी खेळत बसला. त्यानंच फिरवलं. उलटं फिरवतात ऐकलं होतं, ह्यानं पुढं फिरवलं. अडाणी मानूस." आणि इनायतुल्लाकडं वळून, अगदी मायेनं, "सांग ना बे त्यायले. फिरवलं ना तू?"

मागं गोवर्धननं बॅगेतून कागद काढून हातात धरला होता. पाच वर्षांचा. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मीटरला हातही लावायचा नव्हता.

सत्तावीस वर्षं ज्या गोष्टीसाठी इनायतुल्लानं दलालांना हाकललं, ती गोष्ट हा माणूस त्याच्याच शेडमध्ये उभा राहून त्याच्याच नावावर लिहीत होता, आणि वर त्याचीच सही मागत होता.

"म्या मीटर जिंदगीत नाई फिरवलं," तो म्हणाला. "म्या गाडी चालवली. मूर्तिजापूरले. मस्त पयते. बनवनारा मोठा कारागीर हाय, त्याले सांगा. तुमी कदी चालवली का, साहेब? नाई ना? मंग तुमाले माईत नाई तुमच्याजवय काय हाय."

"चालवली?" मुंबईचा माणूस म्हणाला. उष्टी केली, असं म्हणावं तसा त्याचा चेहरा झाला. त्याला मिस्त्रीच्या खरेपणाशी देणंघेणं नव्हतं, आणि उत्तमरावांच्या खोटेपणाशीही नव्हतं. त्यानं मोजे काढले. "वापरलेली गाडी मला नको."

"वापरलेली!" शेषराव खाटेवरून ओरडला. "अबे ते गाडी हाय का टॉवेल?"

कोणी हसलं नाही. उत्तमराव तर अजिबात नाही.

तीस जूनला शेड रिकामी करून द्यावी लागली. पत्रे उतरवताना रहिमाबी खाली उभी राहून एकेक पत्रा झेलत होती. नवऱ्याशी ती बोलत नव्हती, पण वाळूची पिशवी तिनं स्वतः उचलून शेषरावच्या जीपमध्ये ठेवली, आणि "ही ओली नका होऊ देऊ" एवढं शेषरावला बजावलं. इनायतुल्ला तेल्हाऱ्याला गेला. रोडलगत शेषरावची दीड गुंठा जागा होती, तिच्यावर ताडपत्री बांधली. जेबाचं लग्न पुढं ढकललं.

दिवाळीनंतर गोवर्धन त्या बाजूनं चालला होता, त्याची मोटारसायकल बंद पडली. थांबावं लागलंच. इनायतुल्ला कार्ब्युरेटर खोलत असताना तो नजर चुकवत म्हणाला, "तुमाले सांगाचं राह्यलंच. ती गाडी विकली साहेबांनी. दुसरा एक भेटला, हैदराबादचा."

"दोनशे नव्वदले?"

"नाई. नागपूरहून मानूस बोलावला होता. दोनशे बारा केलं."

इनायतुल्लानं कार्ब्युरेटर जागेवर बसवून कसला. शेषराव जीपच्या टपावर बसून दोर वळत होता, तो वरूनच बोलला.

"म्हंजे आपून गेलोच नोतो म्हना."

"नाई गेलो."

"आन बोरगावची रांग?"

"नोती रांग," इनायतुल्ला म्हणाला. "कोनी चपला ठेवल्या नोत्या. ती म्हातारीही नोती. कोनी काई विचारलं नोतं." त्यानं तोंडातलं पान थुंकलं, अर्धं चघळलेलंच, आणि गोवर्धनच्या मोटारसायकलवर टांग टाकली.

"कुठी चालले?" गोवर्धननं विचारलं.

"ट्रायलले. सरक बाजूले."